डेल्मर स्टकीचा सेंटर

ऑर्विस कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचं नाव बगळे, आणि गेली चार वर्षं त्यात भरलेली पोरं मात्र चिमण्यांच्या मापाची. पाहुण्या संघाचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा सगळ्यांत उंच गडी, यायचा, हात जेमतेम कानापर्यंत न्यायचा आणि चेंडू बास्केटमध्ये अलगद सोडून द्यायचा. बगळे त्याच्या काखेखालून ते बघत राहायचे. मागच्या हिवाळ्यात तर एका पाहुण्याने जांभई देता देता आमच्या पोराचा चेंडू अडवला, असं डेल्मर स्टकी शपथेवर सांगायचा. जांभई मोठी होती, एवढं त्याची बायको अर्डिथही मान्य करायची.

डेल्मरचं गावात सायलेन्सर बदलायचं दुकान होतं. अमेरिकेतल्या या इंडियाना राज्यात बर्फ वितळावं म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर मीठ फेकतात, मिठाने सायलेन्सर सडतात आणि सडक्या सायलेन्सरवर डेल्मरचं घर चालतं. आयुष्यभर फुटक्या गाड्यांखाली झोपून त्याचे कान अर्धे गेलेले. त्याची भरपाई त्याने आवाज दुप्पट करून घेतलेली. सामने होतात त्या कॉलेजच्या व्यायामशाळेत तो ओरडला की पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म वाजतात असं म्हणत. दोनच गाड्यांचे वाजत, पण वाजत.

बगळे मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत आजवर एकदाच गेले होते. त्या वर्षी डेल्मर कॉलेजच्या वयाचा, आणि नेमका गालगुंड होऊन अंथरुणात. अख्खं गाव बसगाड्या करून सामना बघायला गेलं, आणि हा गळ्याला फडकं बांधून रेडिओशी भांडत बसला. आता बहात्तरी गाठलेली. मरण्याआधी एकदा, फक्त एकदा, बगळ्यांना मार्चमध्ये खेळताना डोळ्यांनी बघायचं, यापलीकडे त्याला देवाकडे काही मागायचं नव्हतं. आणि त्यासाठी संघाला एक उंच पोरगा हवा होता. एवढी साधी गोष्ट कोच रॅन्स विटोकला समजत नाही, या विचाराने त्याच्या डोक्यात सकाळपासून पाणी उकळायला लागायचं.

विटोक आला तेव्हा म्हणाला होता, नव्याने बांधणी करायची आहे, धीर धरा. चार वर्षं झाली, तो अजून पायाच घालत होता. बरा खेळणारा एखादा पोरगा आलाच तर वसंतात दुसऱ्या मोठ्या कॉलेजात उडून जायचा. डेल्मर बिचारा पोरांची नावं पाठ करायचा, आणि पाठ झाली की पोरं गायब.

दर मंगळवारी गावातल्या पिझ्झाच्या दुकानातून कोचचा रेडिओ कार्यक्रम व्हायचा. लोक फोन करून प्रश्न विचारायचे. डेल्मर दर मंगळवारी एकच विचारायचा: उंच पोरगा कधी आणणार? विटोक दर मंगळवारी एकच सांगायचा: बोलणी चालू आहेत, पण पोराची सही होईपर्यंत त्याचं नाव मला जाहीरपणे घेता येत नाही, नियम आहे. डेल्मरच्या मते हा नियम विटोकच्या सोयीसाठी कुणीतरी खास शिवून दिला होता.

मग जानेवारीत बड कीसलर धापा टाकत दुकानात आला. बड हा डेल्मरचा बालमित्र. निवृत्त झाल्यापासून चाहत्यांच्या वेबसाइटवर दिवसभर कोचला शिव्या लिहायचा आणि जेवणापुरता उठायचा. त्याने बातमी काढली होती. लिथुआनियाचा पोरगा, नाव युस्तास बिर्गेलिस, उंची सहा फूट अकरा इंच. शनिवारच्या सामन्याला कॉलेज बघायला येणार. मग दोन-तीन दिवसांत आपण की चाळीस मैलांवरचं हार्विक कॉलेज, हे ठरवणार.

"फोटो?" डेल्मरने विचारलं.

"एकच आहे. तोही मागून."

"मागून कसा दिसतो?"

"उंच."

डेल्मरला तेवढं पुरलं. असा पोरगा बघायला आला की प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा गजर करायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. पोरगं विरघळतं, आईबाप डोळे पुसतात, सही होते. डेल्मरने शुक्रवारी दुकान बंद ठेवलं आणि गावभर फिरून गजर शिकवला. युस-तास, मग दोन टाळ्या. न्हाव्याला शिकवलं, बँकेतल्या बायकांना शिकवलं, बाप्टिस्ट पाद्र्याला शिकवलं. पाद्र्याचा उच्चार सगळ्यांत वाईट होता, पण श्रद्धा दांडगी.

शनिवारी आमच्या बेंचमागच्या पाहुण्यांच्या खुर्च्यांवर तो बसलेलाच होता. सोनेरी केस, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, आणि बसलेला असूनही मागच्या रांगेला काही दिसू न देणारा. शेजारी तशाच कोटातले आणखी तिघे होते, पण तिघे बुटके, त्यामुळे त्यांच्याकडे कोण बघतो.

"कोट बघ," बड म्हणाला. "युरोपातली पोरं कशी नीटनेटकी असतात."

डेल्मर उभा राहिला, छाती भरून घेतली आणि सुरुवात केली. मग अख्खी व्यायामशाळा. युस-तास, टाळी, टाळी. पोरगा आधी मागे वळून बघू लागला की हे कुणाला चाललंय. मग त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. हजार माणसांनी मान हलवली. पोरगा कानापर्यंत लाल झाला आणि इतका हसला की त्याला घेतला नाही तर पाप लागेल असं बायका म्हणू लागल्या.

खाली विटोक दोन्ही हात हलवून थांबा थांबा म्हणत होता. डेल्मरला वाटलं, हा आणखी मोठ्याने म्हणतोय. पहिल्यांदाच या माणसाशी आपलं जमलं म्हणून तो आणखी मोठ्याने ओरडला. माइकवरचा निवेदक सारखं सांगत होता की कृपया खेळाकडे लक्ष द्या. त्यालाही गजर ज्याचा चाललाय तो हा पोरगा नव्हे, असं सांगता येईना. सही झालेली नाही, तर नाव घेणार कसं? चेंडू इकडून तिकडे जात होता, बगळे सपाटून मार खात होते, आणि एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

नेमक्या त्या वेळी वरच्या दाराने खरा युस्तास आत आला. शिकागोत बर्फ पडल्याने विमान उशिरा आलेलं. सोबत वडील, दारात न मावणारे. आत पाऊल टाकताच हजार लोक आपल्या पोराचं नाव घेताहेत हे ऐकून त्या गृहस्थांनी भरल्या डोळ्यांनी दोन्ही हात वर केले. कुणी वळलं नाही. त्यांच्यासमोर नुसत्या पाठी होत्या, आणि पाठींपलीकडे काळ्या कोटातला कुणीतरी भलताच, त्यांच्या पोराच्या नावाला मान लववून दाद देत होता. वडिलांनी हात खाली घेतले. युस्तास आधी हसला म्हणतात. मग हसायचा थांबला.

मध्यंतर झालं. काळे कोट उठले, मैदानाच्या मधोमध जाऊन ओळीत उभे राहिले, आणि निवेदकाला अखेर एक नाव घेता आलं: मेनोनाइट पंथाच्या चर्चची भजनाची चौकडी. उंच पोराने तोंड उघडलं. विहिरीच्या तळातून यावा असा खर्ज निघाला.

"गातोही," बड म्हणाला. मग त्याचा जबडा हळूहळू खाली आला.

 त्या संध्याकाळी डेल्मर घरी काही बोलला नाही, आणि अर्डिथने घाबरून त्याचा ताप बघितला.

बिर्गेलिस बापलेक दुसऱ्या दिवशी हार्विकला गेले. तिथे कुणी गजर केला नाही, पण दारात माणूस उभा होता आणि त्याला चेहरा माहीत होता. मंगळवारी सही झाली. मंगळवारीच डेल्मरने फोन लावला.  त्याने विचारलं की लाखांत एक पोरगा येतो आणि त्याला आत आणायला तुमच्याकडे एक माणूस नसतो, या कामाचा पगार कसा घेता?  आता सही झालेली होती, नाव घ्यायला बंदी नव्हती.

"मिस्टर स्टकी," तो म्हणाला, "युस्तास तुमच्या पाठीमागे उभा होता. मी तुम्हाला हात करत होतो."

रेडिओवर एवढी शांतता पसरली की लोकांनी आपापले रेडिओ आपटून पाहिले. डेल्मरने फोन ठेवला. त्याला विटोकचा पूर्वीपेक्षा जास्त राग आला, कारण पूर्वी त्यात असं हाडासारखं काही टोचत नव्हतं.

ऑगस्टमध्ये एक ट्रक फुटक्या सायलेन्सरने गर्जत दुकानाशी आला. त्यातून काळ्या कोटाशिवायचा, पण भजनाच्या चौकडीतला तोच उंच पोरगा उतरायला लागला, आणि बराच वेळ उतरतच राहिला. नाव लॅमन ग्रेबर. घरी टर्कीपालन. त्याने सांगितलं की ऑर्विसला नाव घातलंय, स्वतः फी भरून, आणि कोचने संघात बसायला जागा दिली आहे.

डेल्मरने गाडीखालून डोकं बाहेर काढलं. "कधी खेळलायस?"

"कोठाराच्या भिंतीशी. भावांबरोबर."

"बाबा रे, ते नाव तुझं नव्हतं. ती चूक होती."

"ते मला तेव्हाच कळलं होतं, मिस्टर स्टकी," लॅमन म्हणाला. "नाव दुसऱ्याचं होतं. पण बघत सगळे माझ्याकडे होते. मला बघून आजवर लोकांनी एवढंच विचारलंय की वर हवा कशी आहे."

डेल्मरने त्याला स्पष्ट सुनावलं. घरी जा, टर्क्या सांभाळ, ही पोरं तुझा भुसा करतील, आणि वर गाव हसेल. चांगलं अर्धा तास सुनावलं. लॅमनने सगळं ऐकून घेतलं, सायलेन्सर कधी मिळेल ते विचारलं, आणि मान खाली घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो सरावाला हजर होता. डेल्मर ते ऐकून चिडला. मग आठवडाभरात दुकान लवकर बंद करून सराव बघायला जाऊ लागला, तो चिडलेलाच. विटोक पोराला शिकवत नाही म्हणून चिडलेला, पोराला पाय कुठे ठेवायचे ते कळत नाही म्हणून चिडलेला, आणि हिवाळा लागेपर्यंत पोराला ते थोडंसं कळू लागलं, तर आधी का नाही कळलं म्हणून चिडलेला.

डिसेंबरात हार्विकचा संघ आला. युस्तासने मनाला येईल ते केलं. सामना केव्हाच हातचा गेलेला, तेव्हा विटोकने बेंचवर शेवटपर्यंत नजर फिरवली आणि लॅमनला उठवलं. व्यायामशाळा हसली. तो आत गेला आणि लगेच युस्तासच्या अंगावर जाऊन पडला, फाउल. पुन्हा गेला, पुन्हा फाउल. लोक हुर्यो उडवू लागले. तिसऱ्या वेळी युस्तासचा नेम चुकला, चेंडू उसळला, आणि तो लॅमनच्या हातात आला. त्याने तो छातीशी असा कवटाळला की पंच शिट्टी वाजवून थकला.

"सोड, मेल्या," डेल्मर गरजला, "टर्की नाही ती, चेंडू आहे."

मागच्या रांगेत विमा विकणारा एक तरुण बसला होता. तो हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा विजेचा खांब आणला तरी कुणी?"

डेल्मर सावकाश वळला. एरवी शब्दांसाठी त्याला कधी थांबावं लागत नसे. या वेळी थांबावं लागलं. बडने शेजारून त्याची बाही धरली. त्याने ती सोडवून घेतली.

"मी आणला," तो म्हणाला. "त्याला शिव्या द्यायच्या त्या मी देईन. तू तुझा विमा वीक."

 खाली लॅमन युस्तासपुढे हात वर करून उभा होता, पाय फाकून, जिथे ठेवायला शिकला होता बरोबर तिथे. युस्तासने चेंडू त्याच्या डोक्यावरून टाकला आणि बास्केट झाली. पण या वेळी त्याला उडी मारावी लागली. डेल्मरने ते पाहिलं. बाकी कुणी पाहिलं की नाही, देव जाणे.

बगळे चाळीसने हरले. गाडी अर्डिथ चालवत होती, कारण डेल्मरला बोलायला दोन्ही हात लागत होते. त्याचं म्हणणं होतं की लॅमनला खेळवलं ती तीन मिनिटं म्हणजे काय, तीन मिनिटांत तर सायलेन्सरचा नटही ढिला होत नाही. पोरगा तापायच्या आत सामना संपवला. एवढा उंच पोरगा शोधून आणून दिला, तोंडात घास दिला, तरी या माणसाला चावता येत नाही. हा सुरुवातीपासून खेळला असता तर पंधराने हरलो असतो, आणि पंधराने हरणारा संघ दोन वर्षांत मार्चमध्ये जातो, कागदावर लिहून घे.

बाहेर बर्फ पडत होतं. अर्डिथने तरीही काच पूर्ण खाली घेतली, कारण आत आता दोघांना पुरेल एवढी हवा उरली नव्हती.