नकाशावरची मोकळी जागा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. दहा फूट लांब, सहा फूट उंच, पाठीला जाड कापड चिकटवलेला. वय झालं की जीव निवांत होतो म्हणतात. माझं उलटंच झालंय. मला घडीभर चैन पडत नाही, आणि त्याचं कारण माझ्या जन्मापासूनचं आहे.

मला एका आरेखकाने काढलं. जीभ दातांत धरून चौदा महिने तो रेघा ओढत होता. रस्ते, पूल, आगीचे नळ, शाळा, सगळं जागच्या जागी बसलं. मग नदीच्या वळणापाशी त्याचा हात थांबला. तिथे दोनशे घरं होती. तो स्वतः रोज त्याच घरांमधून सायकलवरून कामाला यायचा. पण ज्या घरांना परवानगी नाही ती दाखवायची नाहीत, असा वरून हुकूम होता. तो बराच वेळ कुंचला धरून उभा राहिला. शेवटी तिथे फिकट पिवळा रंग भरून त्याने सुबक अक्षरांत लिहिलं, ‘मोकळी जागा’. हे खोटं अंगावर घेऊनच मी जगात आलो.

शहराच्या आपत्ती नियंत्रण कक्षात मला टांगलं. तिथल्या फोनवर एक ऑपरेटर बाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. फोन आला की मावशी एका हाताने रिसीव्हर कानाशी धरत आणि दुसऱ्या हाताने माझ्यावर टाचणी टोचत. आगीला लाल, पाण्याला निळी. एकदा सूतगिरणी पेटली, तेव्हा मागच्या बाजूची अरुंद वाट त्यांनी माझ्यावर शोधली आणि सत्तर कामगार सुखरूप बाहेर आले. पेपरात माझा फोटो आला. टाचण्यांनी माझी पार चाळण झाली होती, पण मी फुशारलो होतो.

तो तोरा फार टिकला नाही. पुढच्याच वर्षी नदीच्या वळणावरची घरं पेटली. बंब पिवळ्या जागेच्या कडेला येऊन उभा राहिला, कारण पुढे वाट आहे हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. आगीत एक वृद्ध गृहस्थ गेले. सुट्टीच्या दिवशी मावशी तिथे पायी गेल्या, पावलं मोजत फिरल्या आणि माझ्यावर पेन्सिलीने बोळ काढले. लोक म्हणत तीच नावं त्यांनी लिहिली : शिंप्याचा बोळ, दोन नळांची गल्ली. साहेब चिडले. सरकारी नकाशा म्हणजे पोरांची पाटी नव्हे, खोडून टाका, म्हणाले. मावशींनी खोडलं, पण इतक्या हलक्या हाताने, की जवळून पाहिलं तर सगळं वाचता येत होतं.

मग शहराला मोठा निधी मिळाला. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी यंत्रणा येणार होती. शेकडो फोन ती एकदम ऐकणार, कुठे होडी धाडायची नि कुठे रुग्णवाहिका ते क्षणात सांगणार. तिला शहर शिकवायला माझेच फोटो काढले. फोटो साफ करताना पेन्सिलीच्या रेघा मळ समजून पुसल्या गेल्या. मावशींनी ते यंत्रणा बसवायला आलेल्या इंजिनियर बाईंच्या लक्षात आणून दिलं. इंजिनियर बाईंनी निधी मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीत मागणी केली, की चार माणसं तीन महिने वस्त्यांमधून हिंडवा आणि यंत्राला खरी घरं दाखवा. निधी यंत्रासाठी आहे, असं उत्तर मिळालं. समितीतले एक सदस्य हसून म्हणाले, “चालायला कसले पैसे?”

मला उतरवून कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून उभं केलं. खोलीत काय चाललंय ते मला फक्त ऐकू यायचं. 

एके दिवशी सकाळी साडेदहाला वरच्या तलावाचा बांध फुटला. खोटं कशाला बोलू, यंत्राने कमाल केली. पहिल्या तासात नऊशे फोन आले. एकाच खचलेल्या पुलाबद्दलचे चाळीस फोन त्याने एकत्र करून तिथे एकच पथक धाडलं. माझ्या टाचण्यांना ते सात जन्मांत जमलं नसतं. पण, मला मागाहून कळलं, पडद्याच्या तळाशी एक यादी वाढत चालली होती, ‘ठिकाण सापडत नाही’. ती मावशींच्या नजरेस पडली, तोवर एकसष्ट फोन तिथे पडून होते.

इंजिनियर बाईंचा आवाज उतरला. “मावशी, याच्या मते नदीच्या वळणावर कुणी राहतच नाही.”

“कपाट सरकवा,” मावशी म्हणाल्या.

कपाट सरकलं. माझा गुंडाळत चाललेला कोपरा साहेबांनी स्वतः दोन्ही हातांनी दाबून धरला. नाक टेकवून मावशी एकेक बोळ वाचू लागल्या आणि इंजिनियर बाई ती ठिकाणं हाताने यंत्रात भरू लागल्या. तीन होड्या वळल्या. जवळजवळ सगळी माणसं बाहेर निघाली. दोन नळांच्या गल्लीतली एक आई तेवढी वाचली नाही. तिच्या मुलाने चार वेळा फोन केला होता. पहिला, दहा पन्नासला.

महिन्याने समिती त्याच खोलीत बसली. वाचलेल्यांचा आकडा मोठा होता आणि सगळ्यांना तोच ऐकायचा होता. इंजिनियर बाईंनी आधी त्या चार फोनांच्या वेळा वाचल्या.  ‘चालायला कसले पैसे?’ विचारणारे सदस्य वही पुढे ओढून बसले. मग हळूच म्हणाले, “किती माणसं लागतील?”

पैसे त्याच निधीतून मिळाले. वस्तीतलाच एक शिंपी पुढे चालला, दोनशे घरं यंत्रात गेली. मला काचेत घालून पुन्हा भिंतीवर लावलंय. पाहुणे माझ्यासोबत फोटो काढतात. मावशी निवृत्त झाल्या. पण चालण्याची मंजुरी होती एका वर्षाची. ते वर्ष सरलं, आणि डोंगराच्या उतारावर, जिथे माझ्यावर नुसता हिरवा रंग आहे, तिथे आता चुली पेटू लागल्या आहेत.

काल सकाळी तिथून फोन आला, घराची भिंत खचतेय म्हणून. यंत्राला ठिकाण सापडेना, तेव्हा इंजिनियर बाईंनी पत्ता विचारला. पलीकडचा माणूस म्हणाला, “पत्ता अजून नाही हो, पण आम्ही आहोत.”

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं काय, आज ना उद्या मी झिजणारच. पण तुमच्यापैकी कुणी उद्या अशा समितीत बसेल. नवं यंत्र समोर येईल, ते हुशारही असेल, त्याला पैसे जरूर द्या. फक्त सही करण्याआधी एवढं विचारा, की तिथे पायी कोण जाऊन आलं?