पंचफुलाची झोप

"सत्तावीसवरून अठरा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावर पुढे सरकवला. "छान चाललंय बाई तुमचं."

पंचफुलानं कागदाकडं पाहिलंच नाही. तिनं मोनालीकडं पाहिलं. लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला समजलं म्हणजे आपल्याला समजलं, एवढं पंचफुलाला पुरे होतं.

"पण सर, वजन तर दोनच किलो उतरलं," मोनाली म्हणाली.

"असू दे की. व्यायामाचा गुण वजनकाट्यावरच दिसतो असं थोडंच आहे? आई वसतिगृहात दिवसभर शेगडीपुढं उभ्या असतात. पायात पाणी साचतं. आडवं झालं की ते पाणी मानेकडं सरकतं आणि श्वासाची वाट आवळते. रोज चालायला लागल्या, पायाची सूज उतरली. आधी झोपेत तासाला सत्तावीस वेळा श्वास अडत होता, आता अठरा वेळा अडतो. आजार गेला असं समजू नका हं. रात्री झोपताना लावायच्या मशीनचं माझं म्हणणं कायम आहे. पण फरक आहे." मग ते पंचफुलाकडं वळले. "दिवसा पेंग येते का अजून?"

"नाई येत जी. पोया लाटता लाटता डोया लागत होता, आता नाई लागत." तिनं मनगट पुढं केलं. तव्याचे सहा-सात काळे चट्टे होते, सगळे जुने. सात महिन्यांत नवा एकही नव्हता.

डॉक्टर हसले, पुढच्या पेशंटला बोलवायला त्यांनी घंटीकडं हात नेला, आणि तेवढ्यात पंचफुलानं ते विचारलं. यवतमाळला येताना सगळ्या रस्त्यानं ती तेच घोकत आली होती.

"साहेब, हे मले पयलेपासूनच होतं का? म्हंजे नऊ वर्षांआधीबी?"

"तुम्ही जे सांगता त्यावरून होतंच म्हणायचं. लोक अशा माणसाला आळशी म्हणून मोकळे होतात. अहो, रात्रभर श्वासासाठी झगडणारा माणूस दिवसा बसल्या जागी झोपणारच. तुमच्या हातात नव्हतं ते."

तुमच्या हातात नव्हतं. पंचफुलानं पुन्हा लेकीकडं पाहिलं. मोनाली खाली मान घालून कागदाची घडी करत होती.

आर्णीच्या गाडीत पंचफुलाला खिडकीशी जागा मिळाली. सात महिन्यांपूर्वीची गोष्ट असती तर गाडी हलायच्या आत तिची मान शेजारणीच्या खांद्यावर पडली असती. आज ती टक्क जागी होती आणि तिच्या डोक्यात एकच दुपार चालली होती. ती दुपार तिला पाठ होती, कारण नऊ वर्षं सासूनं ती विसरू दिली नव्हती.

गोविंदा, तिचा नवरा, गवंडी होता. स्लॅबवरून पडला, डोक्याला मार लागला, दवाखान्यात ठेवला. डॉक्टरांनी पंचफुलाला बजावलं होतं की याच्यावर नजर ठेवा, उलटी झाली की लगेच कुशीवर वळवा आणि आम्हाला हाक मारा. ती डोळ्यांत तेल घालून बसली होती. खरंच बसली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या तिची हनुवटी छातीवर टेकली. सासू रुखमाबाई आणि चौदा वर्षांची मोनाली डबा घेऊन आल्या तेव्हा घोरणं वऱ्हांड्यात ऐकू येत होतं. मोनालीला हसू आलं होतं. "आजी, आईच हाय ना थे?" असं म्हणत ती हसतच आत शिरली होती. गोविंदाच्या तोंडात उलटी साचली होती आणि तो गार पडला होता.

तेव्हापासून कोणीही घरी आलं, जयभीम झाला, चहा झाला, की रुखमाबाई सांगायची, "माह्या पोराचा जीव जाऊन राह्यला होता अन् हे इथं घोरत होती." पंचफुला मूग गिळून कपबशा उचलायची. बोलणार काय? तिलाही ते पटलेलं होतं. आपण झोपाळू, आपण आळशी, आपण नवरा घालवला. आता म्हातारीचं खुब्याचं हाड मोडून ती खाटेला खिळली तरी तिचं हगणं-मुतणं पंचफुला बिनबोभाट काढत होती. उपकार नाही, जणू शिक्षाच भोगायची होती.

गेल्या दिवाळीत मोनाली सुटीवर आली, आईशेजारी झोपली आणि सकाळी म्हणाली, "आई, तुहा श्वास थांबते वं झोपीत. मी मोजला." तिनंच हट्टानं यवतमाळला नेलं. मशीनचा मुखवटा लावून पाहिला, तर पंचफुलाचा जीव घाबरा झाला. दोनदा ओढून काढून टाकला तिनं. मग डॉक्टर म्हणाले, निदान चाला तरी. ती चालायला लागली. पहाटे उठून दिग्रसच्या रस्त्यानं अडीच किलोमीटर जायचं आणि अडीच यायचं. गावानं तोंडात बोटं घातली. "काय वं पंचफुला, पोलिसात भरती होतं का?" असं पानठेल्यावरून विचारणारे विचारत. ती चालत राहिली. तिला बरं व्हायचं होतं म्हणून नव्हे. मोनालीनं सांगितलं म्हणून. पोरीनं आपला श्वास मोजला म्हणजे तिच्या मनातली अढी सुटली असणार, असं पंचफुला धरून चालली होती. एकदा पोरीनं तोंडानं म्हणावं, आई, तुझी चूक नव्हती. दुसरं काही नको होतं तिला.

घरी पोचल्या तेव्हा दुपार टळत आली होती. रुखमाबाई खाटेवर उशीला टेकून वाट पाहत होती.

"काय म्हणे डाक्टर?"

पंचफुलानं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "आत्याबाई, आजार होता. पयलेपासूनचा. डाक्टरनं सांगतलं, माह्या हातात नव्हतं."

म्हातारीनं तिच्याकडं नीट पाहिलं. "मंग औषीद काय देल्लं?"

"औषीद नाई. चालल्यानं कमी झाला."

"चालल्यानं?"

"हो. सत्तावीसचा अठरा झाला."

रुखमाबाईनं मान हलवली. पंचफुलाला वाटलं, पटलं बहुतेक. मग म्हातारी म्हणाली, "चालल्यानं टीबी जाते का वं? शुगर तरी जाते का मुयापासून? अंग हालवलं अन् कमी झाला, त्याले आजार म्हंते का कोणी? आळस म्हंते त्याले."

"आत्याबाई, डाक्टर..."

"डाक्टरचं राहू दे. मले एवढं सांग." आता तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट बसला होता. "आज चालते, तं तवा काहून नाई चालली? रस्ता तं तवाबी होता."

नऊ वर्षं पंचफुलानं शिव्या ऐकल्या, त्या सगळ्या अंगावरून गेल्या होत्या. हे एक वाक्य मात्र आत जाऊन बसलं. तिनं आशेनं मोनालीकडं पाहिलं. शिकलेली पोर. आता ती सांगेल पायातलं पाणी, मानेतली वाट, सगळं.

आणि मोनालीनं सांगायला सुरुवात केलीही. "आजी, तसं नसते ते. तिले माईतच नव्हतं. श्वास अडते तवा मेंदूले झोपच भेटत नाई, मंग माणूस दिवसा कितीबी जागाले गेला तरी..." आणि ती थांबली. तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला.

"काय झालं वं?" पंचफुला म्हणाली.

"काही नाई."

"बोल ना. मनात ठेवू नको."

"सातच महिने लागले, आई." मोनाली आईकडं न पाहता बोलत होती. "फक्त सात महिने. कॉलेजात शिकलो तवापासून हेच घुमून राह्यलं माह्या डोक्यात. कोणी तुले आधी सांगतलं असतं, तू आधी चालली असती, तं तू त्या दिवशी जागी असती. बाबा असते." आपण काय बोललो हे तिला मग कळलं. "तुह्यावर नाई म्हणत मी, आई. खरंच नाई म्हणत."

"नाई वं. मले समजते."

समजलं होतंच. काल-परवापर्यंत पंचफुलाच्या माथी एका दुपारची झोप होती. आता त्या दुपारच्या आधीची न चाललेली सगळी वर्षंही तिच्याच माथी आली होती. बरं झाल्याचं हे बक्षीस! न चालती आणि पेंगत राहती, तर निदान आजारी तरी म्हणवून घेता आलं असतं.

मोनाली दाराशी ओठ दाबून उभी होती. डोळे भरले होते, पण आईसमोर ती रडणार नव्हती. बाप गेला त्या दिवशीही आईसमोर रडली नव्हती. दिवसभर आत कोंडून ठेवायचं, ही हिची जुनी खोड. पंचफुला भिंतीला टेकून खाली बसली. आपण जाग्या आहोत तोवर ही पोर अशीच उभी राहणार, हे तिच्या लक्षात आलं. तिनं डोळे मिटले आणि हनुवटी छातीवर पडू दिली.

"आई?"

पंचफुलानं डोळे मिटलेलेच ठेवले. स्वतःचं घोरणं तिनं जन्मात कधी ऐकलं नव्हतं. वसतिगृहातल्या पोरी तिच्या माघारी नक्कल करायच्या, ती मात्र तिच्या कानावर पडलेली होती. आधी लांब खरखर, मग मध्येच सगळं बंद, मग पाण्यातून वर आल्यासारखा फुत्कार. तिनं तीच नक्कल केली.

"पाह्य," खाटेवरून रुखमाबाई म्हणाली, "लागला डोया. अन् म्हणे कमी झाला."

"झोपू दे आजी तिले," मोनाली म्हणाली. ती जवळ येऊन बसली, आईच्या पाठीशी उशी सरकवली, आणि मग हुंदका आवरता न येऊन तिनं पदरासारखी ओढणी तोंडात कोंबली.

पंचफुलाला एकेक हुंदका ऐकू येत होता. डोळे उघडावेसे वाटले, पोरीला पोटाशी धरावंसं वाटलं. पण उघडले असते तर पोर गप्प झाली असती. तिचं रडणं पुरतं संपेपर्यंत पंचफुला घोरत राहिली.