आ-कोंगांसाठी राखीव

आ-कोंग आले, पहिल्या रांगेत बसले आणि पोटभर बघून तृप्त झाले. पण विद्यापीठाच्या दप्तरी असं काही घडल्याची नोंद नाही. तेव्हा आपणही ते घडलंच नाही असं धरून चालू.

"या दहा खुर्च्या रिकाम्या का?" ग्लेनिसने विचारलं. पर्थच्या त्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांची सुरक्षा तिच्याकडे होती. तिच्या परवानगीशिवाय आजवर एक तंबूसुद्धा उडाला नव्हता.

"रिकाम्या नाहीत, आन्टी. पाहुणे यायचेत," बी खिम म्हणाली.

बी खिम मलेशियातल्या पेनांगची. विद्यार्थ्यांच्या आशियाई रात्रबाजारात कुणी नाचायचं, कुणी गायचं, कुणी तळायचं. बी खिम खुर्च्या मांडायची. तिचा हात धरणारं त्यात कुणी नव्हतं, कारण कुणाला धरायचाच नव्हता.

"कोण पाहुणे?"

"मेलेले."

ग्लेनिसने चष्मा वर सरकवला. "इथले विद्यार्थी आहेत?"

"नाही."

"मग बाहेरचे. बाहेरच्यांना मनगटाला पट्टा लागतो." तिने खिशातून दहा निळे कागदी पट्टे काढून दिले.

बी खिमने ते खुर्च्यांच्या हातांना बांधले. चिनी पंचांगातला सातवा महिना लागला होता. या महिन्यात मेलेल्यांना सुट्टी असते. ते घरी येतात, जेवतात आणि कुठे गाणंबजावणं असलं की पहिल्या रांगेत बसतात. पेनांगला हे शेंबडं पोरही सांगेल. तिथे पहिल्या रांगेत जिवंत माणूस बसलाच, तर लोक त्याला आधी हात जोडतात, मग हाकलतात.

तिचे आजोबा, म्हणजे आ-कोंग, तिथे नाटकाच्या मांडवात नूडल्सचा गाडा लावायचे. कढईकडे तोंड म्हणजे रंगमंचाकडे पाठ. जन्मभर त्यांनी नाटक कानांनी पाहिलं. "राणी रडतेय का गं खरंच?" ते नूडल्स परतता परतता विचारायचे आणि छोटी बी खिम बघून सांगायची. जूनमध्ये ते गेले. तिची परीक्षा होती. "येऊ नकोस," असं घरच्यांनी म्हटलं आणि ती खरोखरच गेली नाही.

पहिल्या रांगेसाठी ते यंदाच पात्र झाले होते. फक्त पेनांग सोडून ते पर्थला कशाला येतील, हा प्रश्न होता. म्हणून तिने विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षाला, त्रुंगला, नूडल्सची कढई रंगमंचासमोर, खुर्च्यांच्या मागे लावायला लावली. निदान वासावर तरी येतील.

"तुझे आजोबा माझे नूडल्स खातील?" त्रुंगने विचारलं. तो पर्थमध्येच वाढलेला. पेनांगचे नूडल्स त्याने मोबाइलवर बघून शिकले होते.

"खातील कसले! नावं ठेवतील."

"मेल्यावरही?"

"मेल्यावर तर वेळच वेळ."

कंदील लागले. थंडीत धूर वर न जाता हिरवळीवरच रेंगाळू लागला आणि माणसं त्यातून गुडघ्यांवाचून चालल्यासारखी दिसू लागली. त्या धुरातून उपकुलगुरू आले आणि हातातल्या मोमोंच्या ताटलीसकट आ-कोंगांच्या खुर्चीत बसले.

बी खिम धावत आली. "सर, उठा ना. माझे आजोबा बसणारेत तिथे."

"येऊ देत की! आले की उठतो."

"आले असतील तर?"

"कुठे?"

"तुमच्या खाली."

उपकुलगुरू मोठ्याने हसले. उठले मात्र नाहीत.

"रॉडरिक," मागून ग्लेनिसचा आवाज आला, "त्या खुर्चीला पट्टा आहे. तुला आहे का?"

उपकुलगुरूंनी मनगट पाहिलं. नियम त्यांच्याच सहीचा होता. ते उठले.

ग्लेनिस कडेच्या खुर्चीवरून हात फिरवत म्हणाली, "ही कॉलिनला दे. त्याला गाणं आवडत नाही. पण बसव."

कॉलिन कोण, हे बी खिमने विचारलं नाही.

नाच सुरू झाला. ती आ-कोंगांच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसली. "राणी नाहीये हो," ती कुजबुजली. "इंजिनीअरिंगची मुलं आहेत. रडत नाहीयेत, पण पाय चुकतायत." बराच वेळ ती सांगत राहिली. परीक्षेचंही सांगितलं. पास झाले, म्हणाली, आणि खुर्चीचा निळा पट्टा सरळ करू लागली.

मान वर केली तेव्हा खुर्ची फिरली होती. रंगमंचाकडे पाठ, कढईकडे तोंड.

"ए, कोण बघतंय माझ्याकडे?" त्रुंग ओरडला. "हात कापतायत माझे!"

"आच वाढव," बी खिम डोळे पुसत म्हणाली. "पुळचट आच चालत नाही त्यांना."

बाजार उठला. खुर्च्या न्यायला टेम्पो आला. कॉलिनची खुर्ची ग्लेनिसने स्वतः मिटली, सावकाश. आ-कोंगांची मात्र बी खिमला मिटवेना.

"लेखी दे," ग्लेनिस म्हणाली.

तिने तिथेच लिहून दिलं:

प्रति, मालमत्ता विभाग. विषय: हिरवळीवरील एक खुर्ची. महोदय, माझे आजोबा आयुष्यभर उभे होते. ते आत्ता कुठे टेकले आहेत. तरी ते आपणहून उठेपर्यंत सदर खुर्ची हलवू नये, आणि पहाटे गवतावर पाण्याचे फवारे सोडताना त्यांना आधी हाक मारावी, ही नम्र विनंती.