समोरच्या खुर्चीतला

“अहो, पासपोर्ट घेतलात ना? आणि गॅसचं बिल?” लीलावतीबाईंनी फोनवर पुन्हा विचारलं.

“घेतलंय गं,” कमलाकर दबक्या आवाजात म्हणाले. कितीतरी वर्षं ब्रिटिश नागरिक असलेला हा माणूस इमिग्रेशन ऑफिसच्या फाटकाबाहेर उभा राहून कोटाच्या आतला पासपोर्ट चाचपत होता. लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली, पण कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. युनियनची मीटिंग असली की नेमकं यांचं पोट दुखायचं.

आज ते आले होते आलेससाठी. आलेस बेलारूसचा, तिशीतला. त्याला काम करायची परवानगी नव्हती, म्हणून तो दिवसभर लायब्ररीत बसायचा; आणि रिटायर झाल्यापासून कमलाकरही. तिथेच दोघांचं बुद्धिबळ जमलं. डाव मांडला की आलेस उठून हात मिळवायचा आणि आपल्या भाषेत म्हणायचा, “प्रात्सिउनिक!”

“म्हणजे काय?” कमलाकरांनी एकदा इंग्रजीत विचारलं.

“पटापलीकडे बसतो तो. फुटबॉलमध्ये समोरची टीम. लढाईत शत्रू.” घोडा हातात धरून आलेस थांबला. “गेल्या वर्षी मिन्स्कच्या चौकात मी सरकारविरुद्ध उभा राहिलो, तेव्हा पोलीस मलाही तेच म्हणाले. मारताना.”

“एकच शब्द?”

“एकच. पण तुम्हाला म्हणतो ते आदराने. समोर कुणी बसलंच नाही तर खेळायचं कुणाशी?”

आता आलेसचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला होता. त्याला इथे नियमाने हजेरी लावावी लागे, आणि हजेरीला आत गेलेले काही जण मायदेशी परत पाठवण्यासाठी थेट विमानतळावर नेले जात. “आत फोन काढून घेतात,” सकाळी बसमध्ये तो म्हणाला होता. “दुपारपर्यंत मी बाहेर आलो नाही, तर माझ्या वकिलाला लगेच कळवा. नाहीतर उशीर होईल.”

दुपार झाली. त्याच्यानंतर आत गेलेलेही बाहेर पडून घरी गेले. मग जाळीच्या खिडक्यांची एक पांढरी व्हॅन फाटकातून आत शिरून ऑफिसच्या दाराशी उभी राहिली.

गार्ड फाटकापाशी आला. “कुणाची वाट बघताय का, सर?”

“नाही, नाही. कुणाचीच नाही,” कमलाकर म्हणाले आणि चालू लागले.

कोपऱ्यावरच्या स्टॉपवर बस आली, दार उघडलं, पण त्यांचा पाय उचलेना. स्वतःची भयंकर लाज वाटली. ड्रायव्हरला हातानेच नको म्हणून त्यांनी वकिलाच्या ऑफिसला फोन लावला.

“आलेस अजून बाहेर आला नाही. व्हॅन आलीय.”

“आपण त्यांचे कोण?” पलीकडच्या बाईंनी विचारलं. “नातेवाईक?”

“नाही.” बोलता बोलता कमलाकर पुन्हा फाटकाकडे चालू लागले होते.

“मग?”

“ऑपोनंट,” ते इतक्या मोठ्याने म्हणाले की गार्डने वळून पाहिलं. “आमचा डाव अर्धा राहिलाय. मी इथेच आहे.”

“फोन चालू ठेवा. मी वकिलांना आत्ताच सांगते.”

गार्ड त्यांच्याकडेच बघत होता. “येस,” कमलाकर त्याला म्हणाले, “मी आलेसची वाट बघतोय.” ते फाटकाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. आत व्हॅनचं इंजिन सुरू झालं होतं.