आईसाठीची अर्धी प्रार्थना

चर्चच्या मंडळीत कुणी 'प्रार्थना करू या' म्हटलं की सगळ्यांच्या माना आपोआप दोघा भावांतल्या थोरल्याकडे वळायच्या. धंद्याने शिंपी, पण प्रार्थनेला तोंड उघडलं की चर्चच्या पाळकांनीही, म्हणजे धर्मगुरूंनीही, गप्प बसून ऐकावं. सृष्टीच्या आरंभापासून निघायचा तो न्यायाच्या दिवसापाशीच थांबायचा, तोवर यजमानांचा चहा थंडगार. कुणी कौतुक केलं की मान खाली घालून म्हणायचा, "माझं काय त्यात, मी तर धुळीचा कण." आता हे वाक्यसुद्धा त्याने दुकानात, गिऱ्हाइकं कपडे घालून बघतात त्या आरशासमोर घोटवलं होतं, बरं का. 'कण' म्हणताना आवाज कुठं खाली आणायचा हे त्याला पक्कं पाठ होतं. माणूस नम्रपणाचाही तोरा मिरवतो, काय बोलायचं!

धाकटा भाऊ नळदुरुस्ती करायचा. साधं बोलताना अडखळायचा, चारचौघांत तर त्याची वाचाच बसायची. आईचं औषधपाणी, पाय चेपणं त्याच्याकडे आणि प्रार्थना थोरल्याकडे, अशी घरात न बोलता वाटणी झाली होती.

आईची शेवटची घटका आली त्या दुपारी खोली माणसांनी भरली होती. पाळक उशाशी बसलेले, थोरला घसा साफ करून तयार. आईने डोळे उघडले, धाकट्याचा हात धरला आणि म्हणाली, "आज तू कर रे. तुझी ऐकायचीय मला."

थोरल्याला ते फार झोंबलं.

"बा... बापा," धाकट्याने सुरुवात केली, "आ... आईला..." आणि तो अडकला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. कुणीतरी खोकलं. चारचौघांत घराची शोभा होतेय, असं थोरल्याने स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्याला स्वतःची पाळी हवी होती, पण हे मनाशी कबूल करायला त्याला पुढं सहा वर्षं लागली. "होय, दयाळू पित्या," म्हणत त्याने धाकट्याचं वाक्य उचललं आणि जो सुटला तो सुटलाच. बायका रडल्या, पाळकांनी डोळे पुसले. आमेन म्हणून त्याने डोळे उघडले तर आई गेली होती. आपण काय बोलत असताना ती गेली, हेही त्याला कळलं नव्हतं.

दफनाच्या वेळी लोक म्हणाले, अशी प्रार्थना ऐकत जायला भाग्य लागतं. त्यावरही हा मान खाली घालून धुळीचा कण म्हणालाच. धाकटा एका शब्दाने भांडला नाही. फक्त त्यानंतर मंडळीत त्याच्यावर प्रार्थनेची पाळी आली की तो पाणी प्यायला उठून जायचा. आणि ते अर्धं वाक्य थोरल्याच्या मनातून हलेना. आईला काय? बरं कर? घेऊन जा? शिवणयंत्रावर बसला की हेच डोक्यात फिरायचं.

सहा वर्षांनी दुकानातलं बेसिन गळायला लागलं म्हणून धाकटा आला. तो खाली वाकून पाइप आवळत असताना थोरल्याने एकदाचं विचारलं, "त्या दिवशी आईसाठी काय मागणार होतास रे?"

पाना थांबला. "ते ति... तिला ऐकायचं होतं, दादा."

आवाजात राग असता तरी थोरल्याला बरं वाटलं असतं. "मी मध्ये तोंड घालायला नको होतं," तो कसाबसा म्हणाला. "माझं चुकलं. तुझंही आणि तिचंही मी हिरावून घेतलं."

धाकट्याने पाइप आवळून पुरा केला. मग फडक्याला हात पुसून शेजारच्या स्टुलावर बसला. "प्रार्थना करू," तो म्हणाला. "तू क... कर."

थोरल्याने डोळे मिटले. धुळीचा कण लगेच जिभेवर आला, त्याच घोटवलेल्या आवाजात. त्याची त्यालाच किळस आली. त्याने तो गिळला, आणि मग दुसरं काही येईना. "बापा," एवढंच म्हणून तो अडकला. एक गिऱ्हाईक दारातून डोकावून निघून गेलं. थोरल्याचे ओठ नुसतेच हलत राहिले.

धाकट्यालाही आता भावाचं वाक्य उचलता आलं असतं. त्याने उचललं नाही. पुसूनही गंजाचे डाग राहिलेले हात जोडून, भावाला शब्द सापडेपर्यंत तो थांबून राहिला.