कुकरातला वस्तरा

फखरुद्दीनच्या वस्तऱ्यांना कुणी हात लावायचा नाही, हे निजामपुऱ्यातल्या त्या घराच्या भिंतीवर रंगवून घ्यायचं तेवढं बाकी होतं. बायकोने, जमिलाने, ते लग्न होऊन आली त्या आठवड्यातच ऐकलं. मुलाने, मुदस्सिरने, रांगता रांगता ऐकलं. ऐकून ऐकून सगळ्यांचे कान इतके किटले होते की आता ते कुणाच्या कानातच शिरत नव्हतं.

वस्तरे पाच होते. तरुणपणी फखरुद्दीन जहाजावर होता. खलाशी म्हणून चढला आणि तिथल्या म्हाताऱ्या हज्जामाकडून हातात कसब घेऊन उतरला. हलत्या जहाजावर दाढी कशी करायची, तर करंगळी गिऱ्हाइकाच्या गालावर टेकवायची. मग जहाज कितीही डोलू दे, हात आणि गाल एकदमच डोलतात. बरोबरीच्या पोरांनी बंदरांवरून रेडिओ आणले, अत्तरं आणली. ह्याने पोलाद आणलं. चार मोठे वस्तरे स्वतःच्या दाढीचे. पाचवा लहान, पिवळट कचकड्याच्या मुठीचा. त्याने आजवर एकाही बाप्याच्या गालाला स्पर्श केला नव्हता. त्याचं काम एकच, घरातल्या बाळांचं जावळ. मुदस्सिरचं त्यानेच निघालं, भावाच्या नातवंडांचं त्यानेच निघालं. आणि आज मुदस्सिरच्या मुलीचा, आयतचा, अकीका होता, म्हणजे जावळ काढायचा समारंभ.

फखरुद्दीनला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. पहिली नात. जावळ काढून झालं की दुआ, मग जेवणं. आपल्या हातून होणारं हे शेवटचंच मोठं काम, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. पुढच्या खोलीत टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून त्याने सागवानी पेटी उघडली, पाचही वस्तरे ओळीने मांडले आणि चामड्याचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला. एकेकाला पट्ट्यावर फिरवायचं, एवढंच काम. पण अकीक्याच्या घरात म्हाताऱ्याला कोण सुखाने बसू देतं?

"अवो, ऐकलं काय? देगवाला विचारतोय, बिर्याणीची चूल कुठं मांडू," जमिलाने आतून हाक मारली.

चूल दाखवून तो परत आला, तर सुनेचा, उज्माचा, धाकटा भाऊ ओसामा सगळ्यात मोठा वस्तरा हातात घेऊन उभा. मनगटाला झटका देऊन फाटकन उघडायचा, पुन्हा मिटायचा. त्यावरही समाधान नाही म्हणून त्याने कागदी प्लेटांच्या खोक्याची जाड प्लॅस्टिकची पट्टी त्या वस्तऱ्याने कापायला घेतली. करकर आवाज आला आणि फखरुद्दीनच्या दातांतून कळ गेली.

"ए! ठेव ते!"

"दुल्हाभाई बोलले काहीतरी धारवालं घे म्हणून," ओसामा हसत म्हणाला. "एकदम मक्खन आहे, चाचा!"

फखरुद्दीनने वस्तरा हिसकावून घेतला. पात्याला मधोमध दातरा पडला होता. पाहुण्यांच्या पोराला बोलायचं तरी किती? त्याने राग गिळला. पण गिळलेला राग पोटात स्वस्थ थोडाच बसतो. त्याने टॉवेल सारखा केला, पट्टा सारखा केला, पुन्हा टॉवेल सारखा केला.

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला आणि गल्लीत कुणाचा तरी टेम्पो आडवा लागलेला. आरडाओरडा मिटवून तो धापा टाकत आला, तर खारबावचा केसरीनाथ दारातल्या नव्या पडद्यापाशी वाकलेला. केसरीनाथ मुदस्सिरच्या लूमवरचा फिटर, सज्जन माणूस, फखरुद्दीनशी जुना घरोबा. त्याच्याही हातात वस्तरा. पडद्याच्या काठाला लोंबणारे धागे तो एकेक करून उडवत होता.

"केसरी, तू पण?"

"आवं, धागं लोंबत व्हतं," केसरीनाथ ओशाळला. "लूमवाल्याचा हात हाय, सुटा धागा दिसला का थांबत न्हाय." आणि त्याने तो वस्तरा उघडाच, दुसऱ्याच्या पात्यावर पातं आपटून, टॉवेलवर ठेवला. ज्या हाताला लूमचा बारीकसा स्क्रू सैल राहिलेला चालत नाही, त्याच हाताने!

आता मात्र फखरुद्दीन चिडला. आपण लूममधलं काही न विचारता उचललं असतं तर ह्याच लोकांनी आभाळ खाली आणलं असतं. कुणालाच कसं वाटत नाही की ही वस्तू दुसऱ्याची आहे, आणि आज, आत्ता लागणार आहे? रागारागाने तो वस्तरे पेटीत भरायला लागला आणि त्याचा हात मध्येच थांबला. वस्तरे चारच होते. लहान वस्तरा नव्हता.

त्याने टॉवेल झटकला. टेबलाखाली पाहिलं, सोफ्याच्या गाद्या उलथल्या. एका वहिनीला तर त्याने चक्क उठवलं. ओसामाचे खिसे चाचपले. पोरगा बिचारा हात वर करून उभा राहिला. केसरीनाथ गुडघ्यावर बसून कपाटाखाली हात घालू लागला. फखरुद्दीन ह्या खोलीतून त्या खोलीत गेला, परत ह्या खोलीत आला. आतून कुकरची शिट्टी झाली आणि तो त्या आवाजालाही खेकसला.

"देगीत बिर्याणी शिजतेय, मग कुकर कशाला लावलाय?"

स्वयंपाकघरात उज्मा ओट्याशी उभी होती. मांडीवरचं बाळ नुकतंच कुणाकडे तरी देऊन आलेली, केस विस्कटलेले. तिने घाबरत गॅस बंद केला.

"अब्बा, वस्तरा आहे," ती म्हणाली. "लहानवाला. उकळायला ठेवलाय."

झाकण निघताच फखरुद्दीन पुढे झाला. मग त्याने सांडशीने तो वस्तरा बाहेर काढला. कचकड्याची मूठ पापडासारखी वाकडी झाली होती आणि पातं तिच्यात धड मिटतही नव्हतं.

मग तो बोलला. सकाळपासून ओसामाला बोलला नव्हता ते, केसरीनाथला बोलला नव्हता ते, सगळं त्या पोरीवर काढलं. तुला कुणी शिकवलं नाय काय? घरात इतकी वर्षं सांगतोय ते काय भिंतींना? तुझ्या नवऱ्याचं जावळ निघालं ह्यानं, आणि तू त्याची भाजी केलीस! उज्माच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती ओट्यापासून हलली नाही. बायका दारात गोळा झाल्या. जमिलाने "पुरे आता" म्हणून त्याचा दंड धरला, तो त्याने झटकला.

त्याच वेळी मुदस्सिर आत आला. त्याच्यामागे धामणकर नाक्यावरचा सलूनवाला भूपेश, हातात मशीनची बॅग.

"अब्बा, कशाला एवढा त्रास करून घेता?" मुदस्सिर म्हणाला. "भूपेश मशीन घेऊन आलाय. झीरो लावला की दोन मिनिटांत काम. बाळाला लागायची भीती नाय."

"मशीन?" फखरुद्दीनला समजेना. "आणि माझे वस्तरे?"

"ते आहेतच की. मांडून ठेवा ना टेबलावर. लोक बघतील, फोटो काढतील." मुदस्सिरने आवाज खाली आणला. "तुमचा हात आता थरथरतो, अब्बा. आम्ही आधीच ठरवलं होतं. अम्मीला माहीत आहे."

फखरुद्दीनने जमिलाकडे पाहिलं. जमिलाने पदर सारखा केला आणि ती दुसरीकडे पाहू लागली.

तेव्हा त्याला सकाळपासूनचं सगळं उलगडलं. कुणी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. वस्तरे शोभेचे होते, आणि त्यांच्याबरोबर तोही. त्याला फार वाईट वाटलं. राग बरा, तो कुणावर तरी काढता येतो. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता. खोटं काय बोलले होते ते?

सांडशीतला वस्तरा ठेवायला तो वळला आणि पुन्हा उज्मा समोर आली. नाक पुसत तशीच उभी.

"तुला माहीत होतं? भूपेश येणार म्हणून?"

"हो. मी नको बोलले होते ह्यांना."

"मग हे उकळलंस कशाला?"

"तुम्हीच काढणार म्हणून," उज्मा म्हणाली. "आयतच्या बाटल्या उकळते ना, तसा. विचारायला पाहिजे होतं, चुकलं माझं. पण तुम्ही टँकरवाल्याशी भांडत होता."

फखरुद्दीनने सांडशी ओट्यावर ठेवली. सगळ्या घरात वस्तऱ्याची सगळ्यात जास्त नासाडी हिने केली होती. आणि सगळ्या घरात, आज हा वस्तरा चालणार आहे, असं धरून चाललेली हीच एकटी होती.

"हात बघितलास माझा? भीती नाय वाटत?"

"वाटते," उज्मा म्हणाली. "म्हणून तर उकळला."

मुदस्सिर काहीतरी बोलायला गेला. ती त्याच्याकडे न बघता बाहेर गेली, आयतला घेऊन आली आणि पुढच्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून बसली. "अब्बा, या," एवढंच म्हणाली.

फखरुद्दीनने वाकडी मूठ काढून टाकली. केसरीनाथ न सांगता खाली लूमवर धावला आणि सुताचा कोन घेऊन आला. पात्याच्या शेपटाला सूत गच्च गुंडाळून फखरुद्दीनने नवी मूठ केली, पातं पट्ट्यावर फिरवलं, पुन्हा पुन्हा फिरवलं. मग मनगटावरचे केस उडवून पाहिले. लहान वस्तऱ्याच्या धारेला काही झालं नव्हतं. भूपेशने मशीन बॅगेत ठेवली आणि बाळाच्या डोक्यावर कोमट पाणी लावायला तो स्वतःहून बसला.

हात थरथरतच होता. फखरुद्दीनने करंगळी आयतच्या टाळूच्या बाजूला, कानाच्या वर टेकवली. ते कोवळं डोकं श्वासाबरोबर हलत होतं, करंगळी त्याच्याबरोबर हलू लागली आणि मग वस्तराही. खोलीत कुणी खाकरलंसुद्धा नाही. जमिलाने पुढे धरलेल्या पांढऱ्या कापडावर पहिली बट पडली. आयतने मात्र रडून घर डोक्यावर घेतलं. पण शेवटची बट निघाली तेव्हा तिच्या डोक्यावर साधा ओरखडाही नव्हता. बायकांनी कानशिलावर बोटं मोडून बलाया घेतल्या, मुदस्सिरने खाली मान घातली.

ओसामा लगबगीने पुढे आला. "द्या चाचा, मी धुऊन आणतो."

"तू हात लावू नको," फखरुद्दीन म्हणाला.

त्याने वस्तरा सुताच्या मुठीकडून उज्मापुढे धरला. तिने आधी पदराला हात पुसले, मग घेतला.

"कोरड्या कपड्यानं पूस. पाठीकडून धारेकडं. पाणी राहिलं की गंज चढतो," तो म्हणाला. "आणि ह्यापुढं ह्याला हात लावायला तू मला विचारायची गरज नाय."