कोंडवाड्यातली निर्धास्त दिवाळी

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली होती, आणि नव्या सुनेला सासरी असते तशी प्रत्येक खात्याला काहीतरी करून दाखवायची घाई होती. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे टाकळीचं ठाणं आहे. तिथली घाई अंमळ जास्तच, कारण तिथे विश्वजीत साहेब नवे फौजदार म्हणून आले होते. साहेब शहरातले, हसतमुख, आणि पुण्याहून कसलंसं शिबिर करून आलेले. पोलीस हा जनतेचा मित्र असतो, हे त्यांना त्या शिबिरात समजलं होतं. जनतेला अजून समजायचं होतं.

दिवाळीच्या तोंडावर साहेबांनी 'निर्धास्त दिवाळी पंधरवडा' जाहीर केला. सणाला लोक गावोगाव जातात आणि मागे गोठ्यातली जनावरं चोरीला जातात, ही गोष्ट खरी होती. साहेबांनी त्यावर तोड काढली की गावाला जाणाऱ्यांनी आपली जनावरं कोंडवाड्यात आणून बांधावीत, पोलीस राखण करतील. आता कोंडवाडा म्हणजे मोकाट सुटलेल्या गुरांचा तुरुंग. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर तिथे डांबायचं, मालकाने दंड भरून सोडवायचं, आणि आठवडाभरात मालक आलाच नाही तर ग्रामपंचायतीने लिलाव करायचा, अशी जुनी रीत. पण चांगली दगडी भिंत आणि धड कुलूप असलेली गावातली तेवढी एकच जागा होती, आणि ती ठाण्याला लागून होती.

भोंगा लावलेला ऑटो गल्लीबोळांतून फिरला. "तुम्ही जा माहेरी, आम्ही आहोत दारी!" हे घोषवाक्य साहेबांनी स्वतः रचलं होतं. ते पहिल्यांदा ऐकताना सरपंच व्यंकटरावांनी डोळे मिटून मान डोलावली होती. व्यंकटराव शांतता समितीचे अध्यक्ष, ग्रामसुरक्षा दलाचे अध्यक्ष, आणि आता पंधरवडा समितीचेही अध्यक्ष. समिती कुठलीही असो, चहा त्यांच्या घरून यायचा, त्यामुळे दुसरं कुणी सुचायचंच नाही.

हवालदार पुंजाजींना या सगळ्याचं विशेष काही वाटलं नाही. नोकरीत त्यांनी असे सप्ताह आणि पंधरवडे पुष्कळ पाहिले होते. मळमळायला सुरुवात झाली ती साहेबांच्या दुसऱ्या हुकमाने. पंधरवड्यात ठाण्यात एकही गुन्हा नोंदवायचा नाही. पंधरवडा यशस्वी झाला हे कशावरून कळणार? गुन्हे घडले नाहीत यावरून. आणि घडले नाहीत हे कशावरून? नोंदवले नाहीत यावरून.

पहिल्याच दिवशी पुसेगावकडचा एक माणूस आला. विहिरीवरची मोटार कुणीतरी रातोरात उचलून नेली होती.

"पंधरवडा झाल्यावर या," पुंजाजी म्हणाले. म्हणताना त्यांना स्वतःच्याच तोंडाचा वास आल्यासारखं झालं.

"काहून? सुट्टी हाय का तुमाला?"

"सुट्टी न्हाई. पंधरवडा हाय. या दिवसांत चोऱ्या होत न्हाईत."

"चोराला सांगलं का मंग तसं?" तो माणूस म्हणाला, आणि बाहेर जाऊन रस्त्यावर थुंकला. पुंजाजींना वाटलं, आपल्यालाही बाहेर जाऊन तेच करता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुंजाजींच्या वस्तीतच सोजराबाई राहायच्या. नवरा कधीच गेलेला, शेत नाही, एक म्हैस आणि तिची वगार. म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून तिचं नाव चांदी. चांदीच्या दुधावर सोजराबाईंनी लेक संध्याला शिकवलं, कुरुंद्याला दिलं, आणि आता त्या संध्याचं दुसरं बाळंतपण सासरी आलं होतं. करायला सासू नाही. सोजराबाईंना जायलाच हवं होतं, आणि चांदीला सोडून जायला मन धजत नव्हतं.

"सोजरामाय, जा तुमी बिनघोर," पुंजाजी म्हणाले. "म्हस ठाण्याजवळ राहील."

"ठाण्याजवळ राहील म्हणूनच तर जीव घाबरून राहिला."

"मी हाय ना तिथं."

"तू हायस रे बाबा. पर तू एकटाच हायस का?"

"मह्या शबुदावर इश्वास न्हाई का?"

सोजराबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. पुंजाजी लहान होता तेव्हा त्याला त्यांनी वाटीभर दूध देऊन शाळेत धाडलं होतं, ते सगळं त्या पाहण्यात होतं. मग त्या घरात गेल्या आणि जुनं हिरवं लुगडं घेऊन आल्या.

"चांदी दुसऱ्या कुनाला पान्हा सोडत न्हाई. जनकाला हे नेसून बसू दे धारंला. मव्हा वास आला का देती मंग."

अशी चांदी वगारीसकट कोंडवाड्यात गेली. पुंजाजींची बायको जनकाबाई सकाळ-संध्याकाळ ते हिरवं लुगडं नेसून जायची, चांदी हुंगायची, सुस्कारा टाकायची, आणि दूध द्यायची. धार काढून झाली की लुगडं तिथल्याच खुंटीला. गिऱ्हाईकांचं दूध बराबर पोचत होतं. पुंजाजींना क्षणभर वाटलंसुद्धा की साहेबांचं डोकं अगदीच वाया गेलेलं नाही.

मग त्यांना हिंगोलीला बंदोबस्तावर पाठवलं. परत आले तर जनकाबाई दारातच बसलेली.

"अवो, चांदी इकली."

"कोनी?"

"पंचायतीनं. आठवडा झाला, मालक आला न्हाई म्हनून लिलाव केला. म्या गेले तर मला बाहेर काढलं. लुगडंबी दिलं न्हाई."

बाकीच्यांची जनावरं वाचली होती. ते लोक भाऊबीज आटोपून लवकर परतले आणि आपल्याच हाताने बांधलेल्या गुरांचा मोकाटपणाचा दंड भरून त्यांना घरी घेऊन गेले. राहिली एक चांदी. लिलावाची रीतसर दवंडीही दिली होती. ऐकायला हवं ते एक माणूस तेवढं साहेबांच्याच सांगण्यावरून गावाला गेलं होतं.

पुंजाजी तडक ठाण्यात गेले. साहेबांसमोर व्यंकटराव बसले होते आणि चहाची किटली होती.

"साहेब, सोजराबाईची म्हस मोकाट नव्हती. आपणच बांधून घेतली होती."

"हवालदार, भावनेच्या भरात बोलू नका," विश्वजीत साहेब हसून म्हणाले. "आपण संरक्षण दिलं की नाही? दिलं. एक तरी जनावर चोरीला गेलं का? नाही गेलं. लिलाव हा पंचायतीचा विषय. दोन खात्यांची गल्लत करायची नाही."

"मंग म्हस हाय कुठं?"

"व्यंकटरावांच्या गोठ्यात. तिथे तर जास्तच सुरक्षित आहे."

"बोली लावायला दुसरं कुणी आलंच नाही, तर म्या काय करू?" व्यंकटराव म्हणाले. "लिलावाचं सगळं समारोपाला लावणार हाय. मांडव, शाली, हार. एक पैसा घरात न्यायचा न्हाई. घ्या हवालदार, चहा घ्या. चांदीच्याच दुधाचा हाय. लई नाटकी जनावर, वाटीभराच्या वर देत न्हाई."

कपात चहा होता. वर पिवळसर साय आली होती आणि ती कपाच्या काठाला चिकटून हळूहळू सुरकुतत होती.  पुंजाजींनी कप खाली ठेवला.

"म्या कोरा पितो."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

समारोपाच्या दिवशी सकाळी सोजराबाई कुरुंद्याहून येणार होत्या. पुंजाजी कनेरगाव नाक्यावर एसटीला जाऊन उभे राहिले. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळावं, एवढंच काय ते हातात उरलं होतं. सोजराबाई नातवाचं कौतुक घेऊन उतरल्या आणि पुंजाजींचं तोंड पाहून जागीच थबकल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. पिशवी खाली ठेवली.

"फिर्याद घे मही. म्हस चोरली म्हनून."

"आज न्हाई घेता येत, सोजरामाय."

"काहून?"

"पंधरवड्याचा आखरीचा दिस हाय. आज चोरी होतच न्हाई. हुकूम हाय तसा." बोलता बोलता पुंजाजी थांबले. आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच पुन्हा ऐकू आलं. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "आज कोनी कोनाचं काईबी नेलं, तरी चोरी होत न्हाई."

सोजराबाईंनी पिशवी उचलली. "मांडव कुठं घातला म्हणलास?"

मांडव शाळेच्या मैदानात होता. हिंगोलीहून मोठे साहेब आले होते. फलकावर पोलीस आणि गाय एकमेकांकडे पाहून हसत होते. संरक्षण मिळालेलं एखादं जनावर पाहुण्यांना दाखवावं, अशी विश्वजीत साहेबांची कल्पना, आणि दाखवायला हाताशी उरलं होतं एकच. चांदीला झेंडूची माळ घालून मांडवामागे बांधलं होतं. लाभार्थी शेतकरी म्हणून व्यंकटराव बोलणार होते. त्याआधी पाहुण्यांना 'याच म्हशीचं ताजं दूध' द्यायचं होतं, आणि तिथे घोडं पेंड खात होतं.

चांदीने व्यंकटरावांच्या गड्याला लाथ घातली. लुगड्याची युक्ती व्यंकटरावांना ठाऊक होती, लुगडं हाताशी होतं, पण नेसणार कोण? गडी म्हणाला, बाप्या माणूस आहे, लुगडं नेसणार नाही, आणि तो निघून गेला. व्यंकटरावांच्या घरच्या बायका म्हणाल्या, त्या वस्तीतलं लुगडं अंगाला लावणार नाही. त्या वस्तीतल्या म्हशीचं दूध त्या घरात रोज सकाळी उकळत होतं. ते उकळल्यावर चालत होतं. भाषणं तर सुरू झाली होती.

पुंजाजी सोजराबाईंच्या मागोमाग मांडवाच्या पाठीमागे पोचले, तेव्हा टाकळी गावचे सरपंच आणि तीन समित्यांचे अध्यक्ष पँटवरून हिरवं लुगडं गुंडाळून, डोक्यावरून पदर घेऊन, चरवी गुडघ्यांत धरून उकिडवे बसले होते. चांदी त्यांना हुंगत होती आणि तिची काही खात्री पटत नव्हती.

मग तिला खरा वास आला. तिने मान वर केली आणि असा हंबरडा फोडला की माइकवरचे विश्वजीत साहेब 'जनतेचा विश्वास' इथपर्यंत येऊन अडकले.

"सरपंच, पदर सावरा," सोजराबाई म्हणाल्या. "पुढं मान्सं बसलीत."

त्यांनी दावं सोडलं. मागच्या बाजूला काटेरी कुंपण होतं, म्हणून त्या सरळ मांडवातून निघाल्या. पुढे त्या, मागे माळ घातलेली चांदी, तिच्या मागे वगार, आणि सगळ्यांच्या मागे लुगड्यात पाय अडकत धावणारे व्यंकटराव.

"धरा! चोरी! म्हस चोरून नेऊन राहिली! चोरी!"

लोक उभे राहिले. मोठ्या साहेबांनी विचारलं, "हा काय प्रकार आहे?"

पुंजाजी मंचापुढे आले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. "साहेब, सरपंच म्हणून राहिले की चोरी झाली. फौजदार साहेब, गुन्हा नोंदवू का?"

विश्वजीत साहेबांचा चेहरा पांढरा झाला, मग लाल झाला, आणि मग त्यावर शिबिरात शिकवलेलं हसू आलं.

"चोरी? छे, छे! चोरी कुठली! सर, ही... ही मूळ मालकीण आहे. जनावर सुखरूप परत देण्याचा कार्यक्रम आहे हा. शेवटचा कार्यक्रम."

"आणि हे?" मोठ्या साहेबांनी लुगड्यातल्या व्यंकटरावांकडे बोट केलं.

विश्वजीत साहेब माइकची वायर सरळ करू लागले. मोठ्या साहेबांनी स्वतःच सुटका केली. "अच्छा, पथनाट्य! छान बसवलंय. सरपंचांनी स्वतः स्त्रीपात्र करावं, ही फार मोठी गोष्ट आहे."

टाळ्या वाजल्या. व्यंकटरावांनी पदरानेच घाम पुसला आणि नाइलाजाने वाकून नमस्कार केला. मोठ्या साहेबांनी आपल्या सत्कारासाठी आणलेली शाल सोजराबाईंच्या खांद्यावर घातली. ती सोजराबाईंनी उतरवली, चांदीच्या पाठीवर टाकली, आणि मागे वळून न पाहता त्या वस्तीकडे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी पंधरवडा संपला आणि चोऱ्या पुन्हा नोंदवता येऊ लागल्या. व्यंकटराव काही ठाण्यात आले नाहीत. फिर्याद द्यायची तर म्हैस कोंडवाड्यात आली कशी इथपासून सांगावं लागलं असतं. विश्वजीत साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. पुढच्या दिवाळीला भोंग्याचा ऑटो फिरला तेव्हा टाकळीतल्या लोकांनी आपली गुरं रानात नेऊन लपवली. वर अहवाल गेला की गावात संरक्षणाची गरज असलेलं एकही जनावर उरलेलं नाही.

पण ते नंतरचं. समारोपाच्या संध्याकाळी पुंजाजी सोजराबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. धार नुकतीच काढून झाली होती. चरवीत फेस वर आला होता आणि वगार आईच्या कासेला चिकटली होती.

"ये. बस," सोजराबाई म्हणाल्या.

त्यांनी चुलीवर चहा ठेवला, गाळला आणि कप पुढे केला. चहा कोरा होता. पुंजाजींनी एकदा चरवीकडे पाहिलं.

"सोजरामाय, दूध?"

"हाय की भरपूर."

"मंग?"

"तुह्या शबुदावर म्हस बांधली व्हती म्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "भरोसा बसला का घालीन दूध."

"कवा बसल?"

"बघू. जाऊ दे एखादी दिवाळी."

पुंजाजी उंबऱ्यावर बसले आणि तो चहा प्यायले. कडू होता, जीभ भाजत होता. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच चहाने त्यांना मळमळलं नाही.